अकरा वीसचा फोन

पाटोवर, बँकेच्या डोक्यावर चौथा मजला.
तिथे मी गाणी लावते.
म्हणजे आता लावत नाही, रांगेत उभी करते.
लावतो संगणक.

समोरच्या इमारतीत 'तुफान',
नदीपलीकडे पर्वरीला 'सुसाट',
आम्ही 'लाट'.
तिघांच्या जाहिराती एकाच फलकावर
आळीपाळीने चिकटतात.
वाऱ्याने कोपरा सुटला की खालून
मागच्या महिन्याचा विजेता दिसतो.

मार्चमध्ये आकडे आले. आम्ही तिसरे.
तिघांत तिसरे, असं कुणी म्हणालं नाही.
धेंपो-नाईक साहेबांनी फक्त एसी वाढवला.

मग चाचणी.
म्हापशापासून मडगावपर्यंत तीनशे मोबाइल,
प्रत्येक गाण्याचा सात सेकंदांचा तुकडा:
आवडतं, एक दाबा. चालेल, दोन. कंटाळा आला, तीन.
जुन्या गाण्यांत सात सेकंदांत
बाईचा श्वास घेऊन होतो फक्त,
शब्द अजून ओठांमागे असतो,
तेवढ्यात कुंकळ्ळीत कुणीतरी तीन दाबतं.

त्याच तीनशेंना तुफानवालेही विचारत होते,
बहुधा सुसाटवालेही.
एका सकाळी आठ चाळीसला पुलावर गाड्या तुंबल्या.
डावीकडे टॅक्सी, उजवीकडे मासळीचा टेम्पो,
मधे मी, कानात आमचंच स्टेशन.
तिन्हीकडे एकच गाणं,
दोन-दोन शब्दांनी मागेपुढे,
आरती पाठ नसलेली माणसं शेपूट ओढत नेतात तसं.
आम्ही सगळ्यांत मागे.
तिथेही तिसरे.

रात्रीचा अकरा ते बारा तेव्हाच गेला.
जुनी कोंकणी कांतारां, दोन मांडे,
कधी एखादं लांबलचक नाट्यपद.
एर्मेलिंदा मधे बोलायची थोडं, खोकायची जास्त.
तिला निरोपाचा केक दिला.
तिच्या खुर्चीत आता कुरियरची पाकिटं बसतात.
जुन्या तासात अकरा गाणी मावायची,
नव्यात अठरा.

आठवड्याने, हिशेब जुळत नव्हता म्हणून
मी उशिरापर्यंत होते,
तर रिकाम्या स्टुडिओत फोन वाजला. अकरा वीस.
"बाय, तुमचीं कांतारां मोटवीं जाल्यांत."
आखूड झाली, हो. तसंच ठरलंय, मी म्हटलं.
"तशें न्हय," तो म्हणाला,
आणि हात कशाला तरी पुसल्याचा आवाज आला.

सांताक्रूझचा बेंतो. बेकरीवाला.
उंडे वळून फळीवर मांडायचा,
मग सहा गाणी थांबायचा.
सहावं संपलं की भट्टीत.
घड्याळ आहे भिंतीवर, पण त्यावर
पिठाचा थर कधीपासूनचा.
आठ दिवस झाले, उंडे दगड निघतायत,
आणि लोक शिव्या देतात त्याच्या पोराला,
सायकल थांबवून.

कुठलं गाणं हवंय तुम्हाला?
"खंयचेंय," तो म्हणाला. "फकत लांब जाय."

माझ्या तक्त्यात वय आहे, उत्पन्न आहे,
वाहन आहे, दुचाकी की चारचाकी.
त्याचा फोन लँडलाइन.
तीनशेंत तो कधीच नव्हता.

मी कागदावर भागाकार केला.
सहाच्या जागी दहा मोजा, बेंतोबाब,
जाहिराती सोडून.
तो जरा वेळ गप्प. मागे लाकूड तडतडलं.
"पयलीं हांव आयकतालों," तो म्हणाला,
"आतां मेजूंक जाय."
आधी ऐकायचो. आता मोजायला हवं.
भांडला नाही. देव बरें करूं म्हणून ठेवला.

जूनमध्ये आम्ही दुसरे.
साहेबांनी सगळ्यांना पावभाजी मागवली.
पाव कुठल्या बेकरीचे, मी विचारलं नाही.
एक उचलला, अंगठ्याने दाबला, सोडला,
आणि तो वर येईपर्यंत
मोजत राहिले.

सातपेक्षा जास्त लागले.